मॅग्नेटिक ड्रेन बोल्ट: इंजिनाची झीज वाचायची कशी

इंजिनाच्या तळाशी ऑइल काढायचा जो बोल्ट असतो, त्याच्या टोकाला चुंबक बसवला की तो मॅग्नेटिक ड्रेन बोल्ट. त्याच्या पाकिटावर 'इंजिनाचं आयुष्य वाढवा' असं काहीतरी छापलेलं असतं. त्यावर फार विसंबू नका. चुंबकाला चिकटलेला लोखंडाचा कण कुठल्या तरी गिअरवरून, पिस्टनच्या रिंगवरून नाहीतर बेअरिंगवरून आधीच सुटलेला असतो. तो परत फिरून ऑइल पंपात जात नाही एवढा फायदा आहे, पण पैसे वसूल होतात ते दुसऱ्याच गोष्टीत: दर ऑइल बदलीला हा बोल्ट इंजिनाच्या पोटातली खबर बाहेर आणतो. ती वाचून नोंदवून ठेवली, तर गिअरचं किंवा कॅमचं (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागाचं) दुखणं आवाज यायच्या आधी कळू शकतं. हेलिकॉप्टरच्या गिअरबॉक्समध्ये याच तत्त्वावरचे चिप (धातूचा तुकडा) डिटेक्टर असतात. चुंबकापाशी कण साचून फट भरली की सर्किट पूर्ण होतं आणि कॉकपिटमध्ये दिवा लागतो. आपल्या गाडीला तसा दिवा नाही, त्यामुळे बोल्ट हातात घेऊन बघण्याला पर्याय नाही.

काय सापडतं, काय निसटतं

बहुतेक मोटरसायकलींत इंजिन, गिअरबॉक्स आणि क्लच एकाच ऑइलमध्ये बुडालेले असतात. म्हणून बोल्टवर जमणाऱ्या पेस्टमध्ये सगळ्यांचा वाटा असतो: कॅम चेन, कॅमचे लोब (उंचवटे), त्यांनी हलणारे रॉकर, रिंगा, कास्ट आयर्नचा बोअर (पिस्टन ज्यात सरकतो ती नळी), गिअरचे दात, बेअरिंग आणि क्लचच्या स्टील प्लेटा. घोडबंदर रोडला संध्याकाळी कापूरबावडी ते गायमुख पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये अर्धा क्लच धरून रांगणाऱ्या गाडीच्या बोल्टवर जास्त पेस्ट दिसेल. तीच गाडी पाम बीच रोडने चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये बेलापूरला जाणाऱ्याकडे असेल तर कमी. दोन्ही इंजिनं धडधाकट असू शकतात. म्हणून दुसऱ्याच्या बोल्टचा फोटो पाहून आपली गाडी खराब ठरवू नये. तुलना करायची ती आपल्याच गाडीच्या मागच्या बोल्टशी.

आता निसटतं काय ते. पिस्टन, हेड, क्रँककेस आणि क्लचची बास्केट अॅल्युमिनियमची असते. काही बुश पितळी किंवा ब्राँझचे असतात. क्लच प्लेटांचं घर्षणाचं अस्तर तर धातूचंच नसतं. यातलं काहीच चुंबकाला चिकटत नाही. पिस्टन ओरखडून अर्धा झाला तरी बोल्ट चकचकीत निघू शकतो. बोअरला निकेल-सिलिकॉन कार्बाइडचा लेप असलेल्या इंजिनात कास्ट आयर्नचा हिस्साही गायब असतो. थोडक्यात, बोल्टवर काही दिसलं तर ते खरं मानावं. काही दिसलं नाही म्हणून निर्धास्त होऊ नये.

गाडी कुठली आहे त्यावरही वाचन बदलतं. स्प्लेंडरच्या घराण्यातल्या इंजिनांत कागदी ऑइल फिल्टर नसतो. पंपाच्या तोंडाशी जाळी आणि क्रँकच्या उजव्या टोकाला गरगर फिरणारा सेंट्रिफ्यूगल फिल्टर, एवढ्यावरच काम चालतं. लोक तो उजवं कव्हर उघडल्याशिवाय साफ करत नाहीत, म्हणजे वर्षानुवर्षं नाहीच. अशा गाडीला चुंबक लावण्यात सर्वांत जास्त अर्थ आहे. गिअरलेस स्कूटरमध्ये उलटी गत. तिथे क्लच आणि बेल्ट कोरडे असतात, मागचे गिअर वेगळ्या चमचाभर ऑइलमध्ये असतात, त्यामुळे इंजिनच्या बोल्टवर अगदी थोडी पेस्ट यायला हवी. मोटरसायकलइतकी आली तर ती स्कूटरसाठी जास्तच आहे. आरएक्स १०० सारख्या टू-स्ट्रोकमध्ये खालचं ऑइल फक्त गिअरबॉक्स आणि क्लचचं. क्रँकचे बेअरिंग पेट्रोलबरोबर येणाऱ्या टूटी (टू-स्ट्रोकच्या) ऑइलवर जगतात, त्यांच्याबद्दल हा बोल्ट एक अक्षर बोलणार नाही. जुन्या कास्ट आयर्न बुलेटमध्ये इंजिन, प्रायमरी (क्रँक ते क्लचची चेन) आणि गिअरबॉक्स तिन्हींचं ऑइल वेगळं, म्हणून तिथे कुठल्या कप्प्यात झीज आहे हे थेट कळतं. ही चैन नव्या गाड्यांत नाही.

विकत घेण्याआधी

आधी कंपनीचाच बोल्ट काढून त्याच्या टोकाला टाचणी लावून पाहा. काही गाड्यांना, उदाहरणार्थ केटीएमच्या बऱ्याच मॉडेलना, चुंबक कंपनीकडूनच बसवलेला येतो. तो असेल तर नवा घेण्याचं कारण नाही.

नसेल तर पहिला प्रश्न उष्णतेचा, आणि स्वस्त बोल्ट नेमके इथे मार खातात. साध्या नीओडिमियम चुंबकाची, म्हणजे एन३५ सारख्या ग्रेडची, कामाची मर्यादा सुमारे ८० अंश सेल्सिअस असते. एअर-कूल्ड गाडीचं ऑइल माजिवड्याच्या सिग्नलला मे महिन्यात सहज १०० च्या वर जातं. तिथे हा चुंबक हळूहळू कायमचा कमजोर होतो आणि थंड केल्यावरही ताकद परत येत नाही. नीओडिमियमच घ्यायचा तर ग्रेडच्या शेवटी 'एसएच' (सुमारे १५० अंश) किंवा 'यूएच' (सुमारे १८० अंश) असलेला घ्या. समेरियम-कोबाल्टचा मिळाला तर उष्णतेची चिंताच संपते, तो २५० अंशांपर्यंत आरामात टिकतो. पाकिटावर ग्रेड लिहिलेला नसेल तर तो साधाच आहे असं धरून चाला. तपासायची सोपी रीत म्हणजे बसवण्याआधी बोल्टच्या टोकाला ६ मिमीचे नट एकाखाली एक लटकवायचे, किती लटकले ते लिहून ठेवायचं आणि दर ऑइल बदलीला बोल्ट पुसून तेच करायचं. वर्षभरात आकडा निम्म्यावर आला तर कमी पेस्ट म्हणजे कमी झीज नव्हे, चुंबकच थकला आहे.

दुसरा प्रश्न चुंबक बसवलाय कसा. नुसत्या गोंदाने चिकटवलेला चुंबक गरम ऑइलमध्ये सुटू शकतो आणि मग तोच इंजिनातली चिप होतो. दाबून बसवलेला आणि वरून कडा वळवून धरलेला हवा. नवा बोल्ट आल्यावर पक्कडीत कापड घालून चुंबक ओढून, पिळून पाहा. किंचितही हलला तर परत करा. नीओडिमियम ठिसूळ असतो, त्यामुळे कडेला टवका उडालेलाही चालणार नाही.

तिसरी गोष्ट लांबी. बऱ्याच गाड्यांचा ड्रेन बोल्ट १२ मिमी व्यासाचा आणि १.५ मिमी पिचचा (दोन आट्यांमधलं अंतर) असतो, पण सगळ्यांचा नाही. म्हणून दुकानात गाडीचं नाव सांगून भागत नाही, जुना बोल्ट सोबत न्या. आटे हाताने नटात फिरवून जुळवा. मग कॉलरपासून टोकापर्यंतची लांबी मोजा. मॅग्नेटिक बोल्ट मूळ बोल्टपेक्षा ५-६ मिमी लांब असला तर त्याचं टोक जाळीला किंवा फिरत्या गिअरला लागू शकतं. खात्री नसेल तर ऑइल काढलेलं असताना टोकावर मुलांच्या खेळण्यातली मळायची माती वाटाण्याएवढी लावा, बोल्ट हाताने पूर्ण बसवा, परत काढा. माती चेपली असेल तर हा बोल्ट तुमच्या गाडीचा नाही. मातीचा कण आत राहू देऊ नका.

वागळे इस्टेटला किंवा रबाळे-तुर्भ्याच्या एमआयडीसीत लेथवाल्याकडून कंपनीच्याच बोल्टला भोक पाडून चुंबक बसवून घेता येतो. लांबी आणि आटे मूळचेच राहतात, म्हणून माझं मत या मार्गाच्या बाजूने आहे. फक्त हिशोब नीट सांगा. १२ बाय १.५ च्या बोल्टचा आट्यांच्या तळाशी व्यास साधारण १० मिमी असतो. त्यात ५ किंवा ६ मिमीचं भोक पाडलं तर भिंत दोन-अडीच मिमीच उरते. म्हणून भोक फक्त टोकाशी आणि चुंबकाच्या उंचीएवढंच, ६-७ मिमी खोल. कॉलरपर्यंत आरपार नेलं तर बोल्ट मानेशी तुटतो, आणि तुटलेला तुकडा केसमध्ये अडकल्यावर तो काढायचा खर्च चुंबकाच्या कितीतरी पट.

क्रँककेसला बाहेरून चुंबक चिकटवण्याची एक युक्ती सांगितली जाते. अॅल्युमिनियममधून चुंबकीय क्षेत्र जातं हे बरोबर, पण अंतराबरोबर ताकद झपाट्याने घटते, आणि काय साचलं ते बघता येत नाही. आपल्या कामाची ती नाही.

बोल्ट काढताना

गाडी तीन-चार मिनिटं चालू ठेवून बंद करा, मेन स्टँडवर सपाट जागी उभी करा, दोन-तीन मिनिटं थांबा. ऑइल कोमट हवं, हात भाजेल इतकं गरम नको. आधी वरचा भरायचा बूच उघडा. खाली प्लॅस्टिकचा ट्रे ठेवा. लोखंडी ट्रे ठेवला तर बोल्ट हातातून सुटून त्याच्या तळाशी चिकटतो आणि अर्धी पेस्ट तिथेच पुसली जाते. बोल्टभोवतीची माती ब्रशने आधीच झाडा. रिंग पान्याने किंवा गोटी पान्याने सैल करून शेवटचे दोन-तीन आटे हाताने फिरवा आणि बोल्ट सरळ खाली ओढा. वाकडा ओढला की भोकाच्या कडेला पेस्ट घासली जाते.

गॅरेजमध्ये काम करून घेत असाल तर मेकॅनिकला सुरुवातीलाच सांगा, बोल्ट पुसायचा नाही. चांगला मेकॅनिक सवयीने बोल्ट काढतो, चिंधीने पुसतो आणि जमिनीवर ठेवतो. त्यात त्याची चूक नाही, पण तुमची नोंद गेली. शिवाय गॅरेजच्या जमिनीवर ग्राइंडरचा लोखंडी चुरा पडलेला असतो. जमिनीला लागलेल्या चुंबकावर तो क्षणात चिकटतो आणि मग आपण वेल्डिंगवाल्याच्या गेटची झीज मोजत बसतो. घरून झाकणाचा छोटा प्लॅस्टिकचा डबा न्या, बोल्ट थेट त्यात टाका.

परत बसवताना नवा वॉशर, तांब्याचा किंवा अॅल्युमिनियमचा, जो मूळचा असेल तो. जुना एकदा चेपलेला असतो. गळती थांबवायला मग लोक बोल्ट जास्त आवळतात आणि अॅल्युमिनियमच्या केसचे आटे जातात. ठाण्या-मुंबईत ड्रेन बोल्टच्या बहुतेक रडकथा इथूनच सुरू होतात. १२ मिमीच्या बोल्टला साधारण २० ते ३० न्यूटन-मीटर पुरतं, नेमका आकडा गाडीच्या मॅन्युअलमधून घ्या. टॉर्क पाना नसेल तर हाताने पूर्ण बसवून छोट्या रिंग पान्याने वॉशर चेपल्याचं जाणवेपर्यंत, त्यापुढे नाही. आटे गेलेच तर मोठा बोल्ट ठोकू देऊ नका, हेलिकॉइल (तारेच्या आट्यांची गुंडाळी) घालून मूळच्या मापाचे आटे करून घ्या.

टोकावर काय दिसतंय

बोल्टचा एक फोटो काढा, शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवून, दर वेळी त्याच कोनातून. मग पेस्ट पांढऱ्या टिश्यूवर पुसून घ्या आणि मोबाइलच्या टॉर्चच्या उजेडात टिश्यू तिरपा धरून बघा.

राखाडी-काळी मऊ पेस्ट, बोटांमध्ये चोळली तर पेन्सिलीच्या शिशासारखी गुळगुळीत लागणारी: हे नेहमीचं. नव्या गाडीच्या पहिल्या ऑइल बदलीला ती भरपूर असते, सोबत यंत्रकामातून उरलेले एखाद-दोन बारीक केसासारखे तुकडेही येतात. दुसऱ्या-तिसऱ्या बदलीपर्यंत ती घटली पाहिजे.

बोटाला टोचणारं काहीही वेगळं काढा. चपटे, चकाकणारे खवले असतील तर संशय बेअरिंगवर किंवा कॅम लोब-रॉकरवर. तिथे पृष्ठभागाखाली बारीक भेग पडून वरचा थर खवल्याने निघतो. जाड, कोन असलेला तुकडा गिअरच्या दाताचा किंवा डॉगचा (गिअर एकमेकांत अडकवणाऱ्या खुंटीचा) असतो, आणि त्यासोबत गिअर मधूनच न्यूट्रलमध्ये सटकत असेल तर शंकेला फारशी जागा नाही. गोल वळलेली तार म्हणजे सर्क्लिपचा (शाफ्टवरचे भाग धरून ठेवणाऱ्या रिंगचा) किंवा स्प्रिंगचा तुकडा. सुईसारखा दंडगोल म्हणजे नीडल बेअरिंगचा रोलर. शेवटच्या दोहोंपैकी काही सापडलं तर गाडी चालवत घरी नेऊ नका, टेम्पोत घाला.

बोल्ट बघून झाल्यावर ट्रेमधलं ऑइलही बघा. उन्हात ट्रे हलवल्यावर चंदेरी झाक लाटेसारखी फिरली तर ते अॅल्युमिनियम, सोनेरी कण म्हणजे पितळ किंवा ब्राँझ. चुंबकाने न सांगितलेलं इथे कळतं. निळे-लाल रबरी तुकडे दिसले तर कुणीतरी कव्हर बसवताना सिलिकॉन सढळ हाताने लावलंय. ते झिजीचं लक्षण नाही, पण जाळी तुंबवायला पुरेसं आहे.

ऑइलची लॅबमध्ये चाचणी करणाऱ्यांनी एक ध्यानात घ्यावं. नेहमीच्या स्पेक्ट्रोमीटर चाचणीत साधारण ५ ते ८ मायक्रॉनपर्यंतचेच कण नीट मोजले जातात. खवला, चिप, तुटका दात तिला दिसतच नाही. ते बोल्टवरच दिसतं. बारीक झिजीसाठी लॅब आणि मोठ्या तुकड्यांसाठी बोल्ट, अशी ही वाटणी आहे.

आकडा काढायचा असेल तर

डोळ्याने 'जरा जास्त वाटतेय' म्हणण्यापेक्षा वजन केलेलं बरं. सोनारकामाचा ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा खिशातला काटा स्वस्त मिळतो. बोल्ट पेस्टसकट थोड्या पेट्रोलमध्ये अलगद बुडवून ऑइल जाऊ द्या (आगीपासून दूर, मोकळ्या हवेत), सुकवा, वजन करा. मग पूर्ण पुसून पुन्हा वजन करा. फरक म्हणजे लोखंड. काट्याच्या पोलादी पाटीला चुंबक ओढला जातो आणि वजन चुकतं, म्हणून मध्ये दोन-तीन इंच उंचीची थर्मोकोलची वडी ठेवून काटा शून्य करा. तीनदा मोजून मधला आकडा घ्या.

समजा ३,००० किमीनंतर ०.०६ ग्रॅम निघालं, तर दर हजाराला ०.०२. पुढच्या वेळी ऑइल २,५०० वर बदललं तरी हजारी आकड्यामुळे तुलना होते. वहीत चार रकाने पुरतात: मीटरचं वाचन, ऑइलची ग्रेड, हजारी वजन, आणि त्या काळात गाडी कशी वापरली. ऑइल प्रत्येक वेळी त्याच ग्रेडचं ठेवा, आणि ओल्या क्लचच्या गाडीत जासो एमए किंवा एमए२ (ओल्या क्लचला चालणाऱ्या ऑइलची खूण) लिहिलेलंच. ऑइलची ग्रेड आणि वापर एकाच वेळी बदललात तर आकडा का हलला ते सांगता येणार नाही. ०.०१ चा फरक काट्याच्या चुकीत मोडतो, त्यावर झोप उडवू नका. सलग दोन वेळा दुप्पट झालं तर मात्र कारण शोधा.

टोचणारं काही नाही, नुसती पेस्टच वाढली असेल तर इंजिन उघडायच्या गोष्टी करण्याआधी एअर फिल्टर काढून बघा. घोडबंदरला मेट्रोच्या खांबांखालून रोज जाणाऱ्या गाडीचा फिल्टर मॅन्युअलमधल्या अंतराच्या कितीतरी आधी भरतो. फिल्टर फाटलेला असला किंवा बॉक्सचं रबर नीट बसलेलं नसलं, तर सिमेंट-वाळूची धूळ थेट रिंगा आणि बोअर घासते. शंभर-दोनशे रुपयांत मिटणारी ही गोष्ट आहे.

पावसाळ्यात वेगळा घोळ होतो. ठाण्यात वंदना सिनेमापाशी गुडघाभर पाण्यातून गाडी ओढत नेली की ब्रीदरमधून (इंजिनातली हवा बाहेर जायच्या नळीतून) पाणी आत जाऊ शकतं. ऑइल चहासारखं दुधाळ होतं आणि बोल्टवर तपकिरी गाळ येतो. हा गंज. लाल गंज चुंबकाला फारसा चिकटत नाही, म्हणून वजन कमीच दिसतं, पण बेअरिंगवर डाग पडायला सुरुवात झालेली असू शकते. असं ऑइल किलोमीटर न बघता लगेच बदला, थोडं चालवून पुन्हा एकदा बदला, आणि त्या दोन बदल्यांचे आकडे तुलनेत धरू नका.

खवला दिसला, आता पुढे?

एकच बारीक खवला, आवाज नाही, गिअर नीट पडतात: ऑइल बदला, ३०० ते ५०० किमी हलक्या हाताने चालवा, बोल्ट पुन्हा काढा. स्वच्छ आला तर तो एकटा होता. पुन्हा आला तर उघडायचं, पण क्रमाने. आधी टॅपेट कव्हर काढून कॅमचे लोब आणि रॉकरची तोंडं बघा, त्याला फारसा वेळ लागत नाही. मग उजवं कव्हर: जाळी, सेंट्रिफ्यूगल फिल्टर, क्लच, ऑइल पंपाचा गिअर. तिथे साचलेला माल बोल्टपेक्षा जास्त सांगतो. क्रँककेस फोडायचं सगळ्यात शेवटी. बोल्टवर चिप बघून कुणी 'बोअर करून टाकू' (सिलिंडर घासून मोठा करू) म्हणाला तर कुठला भाग झिजलाय ते दाखवायला सांगा. गिअरचा दात तुटला असताना बोअर करून काही होत नाही.

काढलेलं ऑइल गॅरेजच्या जुन्या ऑइलच्या पिंपात द्या. वापरलेलं ऑइल २०१६ च्या नियमांनुसार घातक कचरा आहे, आणि आपल्याकडचे नाले ठाणे खाडीला मिळतात.

जुनी गाडी घेताना बोल्टवर जाऊ नका. विकणाऱ्याने गेल्या आठवड्यात ऑइल बदललेलं असतं, बोल्ट स्वच्छच निघणार. मालक उजवं कव्हर उघडू देत असेल तर सेंट्रिफ्यूगल फिल्टर बघा, तो ऑइल बदलीच्या वेळी कुणी साफ करत नाही आणि आतला राखाडी थर बऱ्याच जुन्या काळाचा असतो. मालक नाही म्हणाला, आणि बहुतेक म्हणतातच, तर गाडी घेतल्यावर लगेच ऑइल बदलून चुंबक बसवा आणि ५०० किमीवर पहिली नोंद घ्या. ती जुन्या गाळासकट येते, म्हणून तुलना त्यानंतरच्या दुसऱ्या नोंदीपासून सुरू करा.